चरित्रपाठ : डोंबिवलीहून मैदानाकडे

प्राथमिक शाळेतील चरित्रपाठ बहुधा एकाच साच्याचे होतात. नायक गरिबीत जन्मतो, हाल सोसतो, कष्ट करतो आणि अखेरीस कीर्तीच्या शिखरावर पोचतो. मुले हा साचा इतक्या लवकर ओळखतात की पाठ निम्मा झाला नाही तोच शेवट सांगून मोकळी होतात, आणि मधल्या हकीकतीकडे त्यांचे लक्ष राहत नाही. वस्तुतः शिकण्याजोगे जे काही असते ते त्या मधल्या हकीकतीतच असते. गरिबी म्हणजे नेमकी कोणती अडचण, ती कोणत्या रस्त्यावर उभी राहिली, ती कोणी व कशी ओलांडली, हे उमगले तरच चरित्र मुलांच्या मनात उतरते. या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील शाळांना जवळचे वाटावे असे एक चरित्र, डोंबिवलीत वाढलेले क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे यांचे, येथे अभ्यासासाठी घेतले आहे. इयत्ता चौथी ते सातवीच्या वर्गांना ते दोन किंवा तीन तासिकांत सांगता येईल.

खेळाडूच्या आयुष्यात पहिली अडचण असते ती मैदानाची. ती ध्यानात येण्यासाठी आरंभी एका वेगळ्या खेळाकडे वळणे उपयोगाचे ठरेल. गोल्फ हा खेळ खेड्यातील मुलांनी क्वचितच पाहिलेला असतो. विस्तीर्ण हिरवळीवर सामान्यतः अठरा ठिकाणी खळगे केलेले असतात, आणि काठीने चेंडू टोलवीत कमीत कमी टोल्यांत तो एकामागून एका खळग्यात घालावयाचा असतो. एवढी जमीन आणि एवढ्या महाग काठ्या लागत असल्याने हा खेळ बहुतेक ठिकाणी श्रीमंतांच्या क्लबांचा राहिला. तरीही भारतातील कितीतरी नामांकित व्यावसायिक गोल्फपटू त्या क्लबांच्या सभासदांच्या घरचे नव्हते. १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हे दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी वाहणारे होते. कोलकात्याचे शिवशंकरप्रसाद चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीची निगा राखण्याचे काम करीत. मुलाने इतरांचे पाहून आणि मागून आणलेल्या काठ्यांनी खेळ आत्मसात केला. २००८ साली त्यांनी दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली.

या मुलांना मैदान दूर नव्हते. ते दाराशीच होते. फक्त त्यांच्यासाठी नव्हते. आपल्याकडील पळवणकर बाळू यांची गोष्ट त्याहून कठीण होती. विसाव्या शतकाच्या आरंभीचे हे थोर गोलंदाज पुण्यात प्रथम मैदानाची झाडलोट करीत आणि जिमखान्यात इंग्रज साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तथापि जातीच्या कारणाने हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले. वरच्या वर्गांत हा भाग टाळू नये. मुलांना त्यातले सारे कळते.

डोंबिवलीच्या मुलाची अडचण निराळी होती. त्याला कोणी अडविले नव्हते. परंतु मैदान अठ्ठेचाळीस किलोमीटर लांब होते.

अजिंक्य रहाणे यांचा जन्म ६ जून १९८८ रोजी संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे झाला. वडील मधुकर रहाणे हे मुंबईच्या बेस्ट या परिवहन उपक्रमात नोकरीस होते आणि कुटुंब डोंबिवलीस राहत होते. येथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. कथा रंगविण्याच्या भरात या घराचे वर्णन अन्नान्न दशेचे करू नये. नियमित पगाराची नोकरी होती, मुलांचे शिक्षण चालू होते. पण महिन्याचा पगार महिन्यालाच पुरतो अशा घरात जी ओढाताण असते, ती तेथे होती. दारिद्र्य आणि ओढाताण यांतला भेद आपल्या वर्गातील निम्म्या मुलांना अनुभवाने ठाऊक असतो. तो शब्दांत मांडून दाखविला की त्यांना हा नायक परका वाटत नाही.

मुलगा सात वर्षांचा असताना वडिलांनी त्याला डोंबिवलीतीलच एका लहानशा सराववर्गात घातले. खेळपट्टी मातीची नव्हे, मॅटिंगची होती. मोठ्या शिकवणीची फी परवडण्याजोगी नव्हती, म्हणून जे जवळ होते ते पत्करले. ते ‘जवळ’ही फारसे जवळ नव्हते. रहाणे यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे की आई, सुजाताबाई, एका हाताने धाकट्या भावाला कडेवर घेई, दुसऱ्या हातात खेळाच्या साहित्याची पिशवी धरी, आणि तिघे पायी सरावाला जात. रिक्षा रोज परवडत नसे. मुलगा दमून रिक्षाचा हट्ट धरी, तेव्हा आईपाशी उत्तर नसे.

हा प्रसंग सांगताना आईच्या त्यागावर व्याख्यान देण्याचा मोह आवरावा. त्यापेक्षा मुलांना विचारावे : बॅट, पॅड, हातमोजे आणि शिरस्त्राण यांची पिशवी किती जड असेल? ती घेऊन आणि कडेवर मूल घेऊन आपल्या गावाच्या वेशीपर्यंत चालून जाण्यास किती वेळ लागेल? शहापूर-मुरबाडकडील मुलींना डोक्यावर हंडा आणि कडेवर भावंड घेऊन चालण्याची सवय आहे. त्या या प्रश्नाचे उत्तर गुरुजींहून नेमके देतील.

पुढे मुंबईच्या मैदानांवर जाणे आवश्यक झाले. मुंबईतील शालेय व क्लब क्रिकेटचा मोठा भाग आझाद मैदान, क्रॉस मैदान अशा दक्षिण टोकाच्या मैदानांवर चालतो. डोंबिवलीहून बोरीबंदरपर्यंतचा हा रेल्वेमार्ग देशातील सर्वांत जुन्या मार्गांपैकी एक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली आणि पुढील वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत आले. भूगोलाच्या तासाला नकाशावर डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे आणि तेथून मुंबई असा मार्ग दाखवावा; पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी दाखवावी. सकाळच्या लोकलची गर्दी कशी असते हे ज्यांच्या घरचे कोणी आसनगाव किंवा बदलापूरहून नोकरीला जाते त्या मुलांनी सांगावे.

अशा गर्दीत साहित्याची पिशवी घेऊन एका लहान मुलाने रोज जावयाचे होते. पहिल्या दिवशी वडील बरोबर गेले. दुसऱ्या खेपेस ते म्हणाले, आता तू एकटा जा. मुलगा एकटा गाडीत चढला. वडील त्याच गाडीच्या मागच्या डब्यात होते. मुलगा योग्य ठिकाणी उतरतो की नाही, घाबरतो की काय, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे होते. तो नीट गेलेला पाहून त्यांची खात्री पटली, आणि मग त्यांनी त्याला खरोखर एकटे जाऊ दिले. मुलाला ही गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती.

संपूर्ण चरित्रात शिक्षकाने सर्वांत अधिक वेळ द्यावा असा प्रसंग हाच होय. यात शिकविण्याची एक रीत दडलेली आहे : प्रथम हात धरणे, मग हात सोडून नजर ठेवणे, आणि शेवटी नजरही काढून घेणे. आपण पहिली पायरी प्रेमाने चढतो आणि तिसरी नाइलाजाने. मधली पायरी बहुधा वगळली जाते. पाढे म्हणून घेताना, फळ्यावर गणित सोडविण्यास मुलाला उभे करताना, पहिल्यांदा परिपाठ घ्यावयास लावताना मागच्या डब्यात कसे बसावे, याचा विचार ज्याने त्याने आपल्या वर्गापुरता करावा.

अजिंक्यचे शालेय शिक्षण डोंबिवलीच्या स. वा. जोशी विद्यालयात झाले. लाजाळू, अबोल असा तो मुलगा होता. क्रिकेटबरोबर तो कराटेही शिकला व त्यात त्याने काळा पट्टा मिळविला. सतराव्या वर्षापासून भारताचे माजी फलंदाज प्रवीण आमरे यांचे मार्गदर्शन त्याला लाभले. सप्टेंबर २००७ मध्ये कराची येथे मुंबईकडून तो पहिला प्रथम श्रेणीचा सामना खेळला आणि पहिल्याच डावात १४३ धावा काढल्या. २००८-०९ च्या रणजी हंगामात हजाराहून अधिक धावा करून मुंबईच्या विजेतेपदात त्याने मोठा वाटा उचलला. येथपर्यंतची हकीकत भराभर सांगून पुढे जावे, कारण यानंतरचा भाग मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

तो भाग आहे वाट पाहण्याचा. नोव्हेंबर २०११ मध्ये रहाणे यांची भारताच्या कसोटी संघात निवड झाली. पण निवड होणे आणि अकरा जणांत खेळावयास मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ते संघाबरोबर प्रवास करीत, सराव करीत, मैदानात पाणी नेऊन देत, आणि सामना बाहेर बसून पाहत. असे सोळा महिने गेले. २२ मार्च २०१३ रोजी दिल्लीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध अखेर संधी मिळाली, आणि दोन्ही डावांत मिळून त्यांनी आठ धावा केल्या : पहिल्यात सात, दुसऱ्यात एक. हे आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. सोळा महिने थांबून आठ धावा. पुढे काय झाले असेल, असे वर्गाला विचारून उत्तरे ऐकावीत.

पुढे असे झाले की त्या वर्षाअखेरीस दक्षिण आफ्रिकेत दरबानच्या सामन्यात त्यांनी नाबाद ५१ आणि ९६ धावा केल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला पहिले शतक झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर खेळपट्टी इतकी हिरवी होती की ती भोवतालच्या गवतातून ओळखू येऊ नये. भारताचे सात गडी १४५ धावांत बाद झाले होते. रहाणे यांनी तेथे १०३ धावा काढल्या, संघ २९५ पर्यंत पोचला, आणि पाचव्या दिवशी भारताने तो सामना ९५ धावांनी जिंकला. २०१६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. क्षेत्ररक्षणातील त्यांचा एक विक्रमही सांगण्याजोगा आहे : ऑगस्ट २०१५ मध्ये श्रीलंकेतील गॉल येथे एका कसोटीत त्यांनी आठ झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूने एका सामन्यात तितके झेल त्यापूर्वी कधी घेतले नव्हते.

आता २०२०-२१ चा ऑस्ट्रेलियाचा दौरा. वरच्या वर्गांत यासाठी एक पूर्ण तासिका राखून ठेवावी. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड येथे भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. भारताच्या कसोटी इतिहासातील ही सर्वांत कमी धावसंख्या. अकरांपैकी एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. रहाणे स्वतः शून्यावर बाद झाले. शिवाय पहिल्या डावात कर्णधार विराट कोहली उत्तम खेळत असताना धावबाद झाले, त्यात धावेसाठी बोलावून मग माघारी परतविण्याची चूक रहाणे यांची होती. त्या सामन्यानंतर कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतले आणि संघाची धुरा रहाणे यांच्याकडे आली. पडत्या घराची किल्ली हाती यावी तशीच ही वेळ होती.

आठवड्याभरात, २६ डिसेंबरला, मेलबर्नचा सामना सुरू झाला. ऑस्ट्रेलियाचा डाव १९५ धावांत संपला. कर्णधाराने ११२ धावा काढल्या. मग रवींद्र जडेजा ४९ धावांवर असताना अर्धशतकासाठी चोरटी धाव घेण्याच्या धडपडीत रहाणे धावबाद झाले. मैदान सोडताना ते जडेजापाशी गेले, पाठ थोपटली आणि मन लावून खेळत राहा असे सुचविले. थोड्याच दिवसांपूर्वी आपल्या चुकीने दुसरा धावबाद झाल्याचे शल्य ज्याला माहीत आहे, त्याचे हे वागणे आहे. हा धागा मुलांना आपण होऊन सापडला तर उत्तम. सापडला नाही तर शिक्षकांनी दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी सांगावेत आणि थांबावे. भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला.

सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून रहाणे यांना जॉनी मुलाघ पदक देण्यात आले. ते पदक मिळविणारे ते पहिलेच खेळाडू. मुलाघ हे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी एक. व्हिक्टोरिया प्रांतातील मेंढ्यांच्या कुरणांवर राबणारे मजूर. १८६८ साली ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला व ४७ सामने खेळला. त्या संघातील ते सर्वांत चमकलेले खेळाडू होते. परदेशी जाणारा तो ऑस्ट्रेलियाचा पहिलाच क्रिकेट संघ. ज्यांची भूमी होती त्यांच्यापैकी एका मजुराच्या नावाचे पदक डोंबिवलीच्या मुलाच्या गळ्यात पडले, ही गोष्ट जव्हार-शहापूरच्या पट्ट्यातील वारली, कातकरी, ठाकर मुलांना अवश्य सांगावी.

जानेवारी २०२१ मधील सिडनीच्या सामन्यात प्रेक्षकांपैकी काहींनी मोहम्मद सिराज यांना वर्णावरून अपशब्द उच्चारले. सिराज हे हैदराबादच्या एका रिक्षाचालकाचे पुत्र. दौरा सुरू असतानाच वडील वारले, तरी ते संघाबरोबर राहिले होते. रहाणे यांनी त्यांना गप्प बसण्यास सांगितले नाही. ते सिराज यांच्याबरोबर पंचांकडे गेले, खेळ थांबला, पोलिसांनी काही प्रेक्षकांना बाहेर काढले. मैदान सोडून जाण्याची मुभा संघाला देण्यात आली होती. ती नाकारून संघ खेळत राहिला व सामना अनिर्णित राखला. ब्रिस्बेनच्या शेवटच्या सामन्यापर्यंत इतके खेळाडू जायबंदी झाले होते की चारही कसोटी खेळलेले रहाणे आणि चेतेश्वर पुजारा असे दोघेच उरले. १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने ३२८ धावांचे लक्ष्य गाठले. त्या मैदानावर १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया हरला नव्हता. चषक हाती येताच कर्णधाराने तो तमिळनाडूतील खेड्यातून आलेल्या टी. नटराजन या नवख्या गोलंदाजाच्या हाती दिला.

मायदेशी परतल्यावर शेजाऱ्यांनी स्वागतासाठी केक आणला, त्यावर कांगारूची आकृती होती. रहाणे यांनी तो कापला नाही. कांगारू हा त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे. जिंकलो म्हणून प्रतिस्पर्ध्याचा अनादर करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. लहान वर्गांना हा प्रसंग फार आवडतो. मात्र त्याआधी राष्ट्रीय प्राणी म्हणजे काय हे सांगावे लागेल.

यानंतरही सारे सुरळीत झाले नाही, आणि चरित्र सांगताना हे झाकू नये. धावा आटल्या; २०२२ च्या आरंभी त्यांना कसोटी संघातून वगळण्यात आले. ते पुन्हा देशांतर्गत सामने खेळू लागले. जून २०२३ मध्ये लंडनला जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पुनरागमन करून ८९ व ४६ धावा केल्या. तो सामना भारत हरला. जुलै २०२३ मधील वेस्ट इंडीजच्या दौऱ्यापर्यंत त्यांच्या नावावर ८५ कसोटी, ५०७७ धावा व १२ शतके जमा झाली. सहा कसोटींत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला.

वगळले गेले होते त्या काळातील एक प्रसंग वर्गातील चर्चेसाठी योजावा. सप्टेंबर २०२२ मध्ये कोइम्बतूर येथे दुलीप करंडकाचा अंतिम सामना चालू होता. पश्चिम विभागाचे कर्णधार रहाणे होते. त्यांच्या संघातील तरुण फलंदाज यशस्वी जयस्वाल याने याच सामन्यात २६५ धावा काढल्या होत्या. क्षेत्ररक्षण करताना मात्र तो दक्षिण विभागाच्या एका फलंदाजाला सतत डिवचीत राहिला. पंचांनी समज दिली, कर्णधाराने समजावले, तरी ते थांबेना. तेव्हा रहाणे यांनी आपल्याच संघाच्या त्या सर्वोत्तम खेळाडूला मैदानाबाहेर जाण्यास सांगितले. काही षटकांनंतर तो परत आला, आणि सामना पश्चिम विभागाने २९४ धावांनी जिंकला.

कर्णधाराने केले ते योग्य की अयोग्य, यावर वर्गाचे दोन पक्ष करावेत. सामना हातचा गेला असता तरी ते योग्यच ठरले असते काय, हा प्रश्न अवश्य विचारावा; मुलांची मते तेथेच खऱ्या अर्थाने विभागली जातात. चर्चा संपल्यावर एवढेच सांगावे की जुलै २०२३ मध्ये डॉमिनिका बेटावर जयस्वालने आपल्या पहिल्याच कसोटीत १७१ धावा केल्या, आणि त्या संघाचे उपकर्णधार अजिंक्य रहाणे होते.